जीन गप्प केल्यावर कॅन्सरची पेशी म्हातारी होते का आणि पसरायची थांबते का, हे प्रोजेक्टला तपासायचं कसं

बायोटेकला नाहीतर झूलॉजीला एमएस्सी करताय आणि गाईडनी टायटल दिलंय की अमुक जीनच्या सायलेन्सिंगचा कॅन्सर पेशीच्या सेनेसन्सवर आणि मायग्रेशनवर परिणाम, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. टायटल दिसायला एक आहे पण पोटात प्रश्न तीन आहेत: जीन खरंच गप्प झाला का, पेशी खरंच म्हातारी झाली का, आणि ती खरंच कमी हलली का. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी काढावी लागतात. पोरं काय करतात, पहिल्यावरून डायरेक्ट तिसऱ्यावर उडी मारतात, पेशींच्या थरावर मारलेला स्क्रॅच बुजला नाही म्हणजे कॅन्सरचं पसरणं थांबलं असं लिहून मोकळी होतात, आणि मग व्हायव्हाला एक्स्टर्नल फक्त एवढंच विचारतात की पेशी हलली नाही का वाढलीच नाही, झालं, पुढे शब्द फुटत नाही.

आधी थोडक्यात, गप्प करणं म्हणजे नेमकं काय. डीएनए मूळ कागद समजा आणि मेसेंजर आरएनए त्याची झेरॉक्स, प्रोटीन बनतं ते झेरॉक्स बघून. आपण मूळ कागदाला हात लावत नाही, झेरॉक्स आली की फाडतो. हे फाडणारं यंत्र पेशीतच असतं, आपण फक्त २१ ते २३ अक्षरांचा दुहेरी आरएनएचा तुकडा, म्हणजे एसआयआरएनए, आत सोडतो, रिस्क नावाचं प्रोटीनचं यंत्र त्यातली एक पट्टी धरून ठेवतं आणि तिच्याशी जुळणारा मेसेंजर आरएनए सापडला की अर्गोनॉट २ हे प्रोटीन तो कापतं. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये हे एका बारीक कृमीत दाखवलं आणि २००६ ला नोबेल मिळालं, माणसाच्या पेशीत २१ अक्षरांचे तुकडे चालतात हे २००१ ला टुशल यांच्या ग्रुपने दाखवलं. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, की मूळ कागद शाबूत आहे म्हणजे परिणाम तात्पुरता आहे. पेशी विभागत गेली की तुकडे वाटले जातात, पातळ होतात आणि पाच-सात दिवसांत जीन परत बोलायला लागतो. हे पुढे लई महत्त्वाचं ठरणार आहे कारण म्हातारपण यायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात.

जीन कोणता, पेशी कोणती

गाईडनी जीन ठरवून दिला असेल तर विषय संपला. पण निवड तुमच्या हातात असेल तर माझं स्पष्ट मत आहे की हीला पेशी घ्या आणि त्यातल्या एचपीव्हीचे, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे, ई६ आणि ई७ हे दोन जीन गप्प करा. पेपरात छापायला हे नवीन नाहीये, पण शिकायला ह्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मिळणार नाही, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याशी त्याचा थेट संबंध आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला जोडलेली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री १९८७ पासून चालू आहे, खेड्यातल्या लोकांची अशी नोंद ठेवणारी देशातली पहिली, आणि तिथल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर वर्षानुवर्षं वरच्या नंबरला राहिला. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर तपासणीची मोठी ट्रायल झाली, तिचा निकाल २००९ मध्ये आला, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. प्रस्तावनेत अमेरिकेची आकडेवारी कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा हे टाका की, घरातलंच आहे.

हीला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या, त्यांना न विचारता. त्यात एचपीव्ही १८ चे जीन घुसून बसलेत. ई६ हा पी५३ ह्या प्रोटीनला मोडीत काढतो आणि ई७ हा आरबी ह्या दुसऱ्या प्रोटीनला निकामी करतो. म्हणजे पेशीला थांबवणारे दोन्ही ब्रेक चांगले आहेत, फक्त कुणीतरी ते लागू देत नाही. ई६-ई७ बंद पाडले की दोन्ही ब्रेक परत लागतात आणि पेशी म्हाताऱ्या होतात, हे येल विद्यापीठात डिमायो यांच्या ग्रुपने २००० मध्ये दाखवलं, तेव्हा एसआयआरएनएची पद्धत आली नव्हती म्हणून त्यांनी गाईच्या पॅपिलोमा व्हायरसचं ई२ प्रोटीन वापरलं होतं. आणि सगळ्यात भारी सोय अशी की हा जीन माणसाचा नाहीच, त्यामुळे सी३३ए नावाची एचपीव्ही नसलेली गर्भाशयमुखाच्याच कॅन्सरची पेशी शेजारी कंट्रोल म्हणून ठेवता येते. तुमच्या एसआयआरएनएने सी३३ए पण मंदावली तर समजा तुकडा भलत्याच जीनवर जाऊन बसलाय.

टेलोमरेजचा, म्हणजे गुणसूत्रांची टोकं (टेलोमिअर) झिजू न देणाऱ्या एन्झाइमचा, जीन मात्र महिन्या-दोन महिन्याच्या प्रोजेक्टला घेऊ नका. नाव आकर्षक आहे, बहुतांश कॅन्सरमध्ये तो चालू असतो, पण तो गप्प केला तरी टेलोमिअर दर विभागणीला थोडे थोडेच झिजणार, म्हातारपण दिसेपर्यंत तुमचं सबमिशन निघून गेलेलं असेल.

दुसरीकडे कॅन्सर स्वतःही जीन गप्प करतो हे प्रस्तावनेत यायलाच पाहिजे. पी१६ ह्या विभागणी रोखणाऱ्या जीनच्या प्रमोटरवर, म्हणजे जीन चालू करणाऱ्या भागावर, मिथाइलचे शिक्के मारून तो बंद करणं, ईझेडएच२ हे प्रोटीन वापरून तीच जागा हिस्टोनच्या, म्हणजे डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनांच्या, पातळीवर दाबून ठेवणं, हे गाठींमध्ये नेहमीचं आहे. म्हणजे ईझेडएच२ ला गप्प केलं तर गप्प बसवणाराच गप्प होतो आणि पी१६ बोलायला लागतो. ट्विस्ट नावाच्या प्रोटीनचं तर अजून मजेशीर आहे, २००८ मध्ये दिसलं की हे प्रोटीन पेशीचं म्हातारपण टाळतं आणि त्याच दमात तिला हलकी, सुटी, पसरणारी बनवतं. म्हणजे म्हातारपण आणि पसरणं ही दोन खाती पूर्ण वेगळी नाहीत, एकाच जीनचा हात दोन्हीकडे असू शकतो, म्हणूनच तर मोजताना वेगळं मोजायचं.

सोलापुरात पेशी जगवायच्या तर

हा भाग प्रोटोकॉलच्या पुस्तकात सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेशी पुण्याच्या एनसीसीएस, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधून मिळतात, कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर मागणी करावी लागते. न्यायला स्वतः जाणार असाल तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, एप्रिल-मेच्या दुपारी एसटीत फ्लास्क मांडीवर घेऊन बसायचं धाडस करू नका. पेशी ३७ ला वाढतात, ४२ च्या वर हीट शॉक सुरू होतो, आणि आपल्याकडे दुपारी नुसती हवाच तेवढी असते. फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियाने भरून घ्या, झाकण घट्ट, वर पॅराफिल्म, थर्माकोलच्या डब्यात, आणि बर्फ नको. घरी आल्यावर, म्हणजे लॅबला, जास्तीचा मीडिया काढा आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये तशाच राहू द्या, आल्या आल्या ट्रिप्सिन मारून पेशी तळापासून सोडवायची घाई नको.

आता इन्क्युबेटर. सीओटू इन्क्युबेटर फक्त गरम करतो, गार करत नाही. खोलीचं तापमान सेटिंगपेक्षा साधारण पाच डिग्री खाली असेल तरच तो ३७ ला स्थिर राहतो. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत पारा ३९ वर गेला तर आतल्या पेशी पण ३९ वर, आणि तुमच्या सगळ्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांमध्ये), कंट्रोलसकट, ताणाने म्हातारपणाच्या खुणा दिसायला लागतात. त्यामुळे कल्चर रूमला एसी हा चैनीचा विषय नाहीये, एसी बंद असेल त्या आठवड्यात सेनेसन्सचा प्रयोग लावायचाच नाही. लाईट गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंद दाराआड ऊब बराच वेळ टिकते. मीडियाचा रंग गुलाबीकडून जांभळ्याकडे झुकला असेल तर सीओटू बंद पडून पीएच वर गेलाय असं समजा आणि त्या प्लेटवरचं रीडिंग वहीत वेगळी खूण करून ठेवा.

आणि पेशी आल्या की पहिल्या आठवड्यातच स्टॉक गोठवून ठेवा. लिक्विड नायट्रोजनची सोय डिपार्टमेंटला नसेल तर पशुसंवर्धनवाल्यांकडे चौकशी करा, कृत्रिम रेतनासाठी गावोगाव नायट्रोजनचे कॅन फिरत असतात त्यामुळे पुरवठा कुठून होतो हे त्यांना पक्कं माहिती असतं. तिथला माणूस आधी विचारणारच, खिल्लार का जर्सी, तर नीट समजावून सांगा.

जीन गप्प करायची पद्धत

पहिल्या दिवशी सहा वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला दीड ते दोन लाख पेशी, अँटिबायोटिक नसलेल्या मीडियात. दुसऱ्या दिवशी निम्मी-अर्धी जागा भरलेली असताना ट्रान्सफेक्शन, म्हणजे एसआयआरएनए पेशीत सोडणं. एसआयआरएनए पावडर येते, ट्यूब उघडायच्या आधी एकदा सेंट्रिफ्यूजला फिरवा नाहीतर पावडर झाकणाला चिकटून बाहेर जाते आणि महागडा माल टिश्यू पेपरवर. ५ नॅनोमोल पावडरमध्ये आरएनएज नसलेलं २५० मायक्रोलिटर पाणी घातलं की २० मायक्रोमोलरचा स्टॉक झाला. वेलमध्ये २ मिलिलिटर मीडिया असेल आणि १० नॅनोमोलर पाहिजे असेल तर ह्यातला बरोबर १ मायक्रोलिटर. एवढा कमी बघून पोरांना वाटतं चुकलं आणि पाच-दहापट टाकतात. टाकू नका, डोस वाढवला की तुकडा अर्धवट जुळणाऱ्या दुसऱ्या जीनवर पण बसायला लागतो. लिपोफेक्टामाईनसारख्या रिएजंटबरोबर सीरम नसलेल्या मीडियात मिसळून थोडा वेळ ठेवायचं, किटच्या कागदावर मिनिटं दिलेली असतात ती पाळायची, मग थेंब थेंब सोडायचं.

कंट्रोलमध्ये कंजुषी नको. काहीच न केलेला वेल, फक्त रिएजंट टाकलेला वेल, आणि कुठल्याच जीनशी न जुळणारा स्क्रॅम्बल्ड एसआयआरएनए, हे तीन पाहिजेतच. तुलना कायम स्क्रॅम्बल्डशी करायची, न केलेल्या वेलशी नाही, कारण रिएजंट स्वतःच पेशीला थोडा त्रास देतो. शिवाय पीएलके१ जीनचा एसआयआरएनए एका वेलला टाका, तो गप्प झाला की पेशी विभागताना अडकून मरतात, दोन दिवसांत त्या वेलमध्ये गोल गोल सुटलेल्या पेशी तरंगताना दिसल्या म्हणजे ट्रान्सफेक्शन लागलंय हे मायक्रोस्कोपखालीच कळतं. आणि टार्गेट जीनला कमीत कमी दोन वेगवेगळे एसआयआरएनए घ्या. एकाने परिणाम दिसला आणि दुसऱ्याने नाही तर तो परिणाम जीनचा नाही, तुकड्याचा आहे.

गप्प झाला का हे बघायला २४ ते ४८ तासांनी आरएनए काढून तो किती उरला हे मोजणारी क्यूपीसीआर, आणि ४८ ते ७२ तासांनी प्रोटीन किती उरलं हे दाखवणारा वेस्टर्न ब्लॉट. गणित सोपं आहे, डेल्टा डेल्टा सीटी, म्हणजे क्यूपीसीआरमध्ये कंट्रोलपेक्षा किती सायकल उशीर झाला तो आकडा, २ आला म्हणजे आरएनए २५ टक्के उरला, ३ आला म्हणजे साडेबारा. पण आरएनए कमी झाला म्हणजे प्रोटीन कमी झालं असं नाही, आधी बनून बसलेलं प्रोटीन टिकाऊ असेल तर ते दिवसेंदिवस हलत नाही. म्हणून वेस्टर्न टाळू नका. हीलाच्या बाबतीत एक सोपा पुरावा आहे, ई६ गेला की पी५३ चा आणि त्याच्या मागोमाग पी२१ ह्या विभागणी थांबवणाऱ्या प्रोटीनचा बँड वर आला पाहिजे, तो आला की निम्मी लढाई जिंकली. ई६ आणि ई७ एकाच लांब आरएनएवर लागून असतात त्यामुळे ई७ च्या भागावर मारलेला एसआयआरएनए बहुतेक वेळा दोन्हीला खाली आणतो, दोन्ही मोजा.

मघाशी म्हटलं तसं परिणाम पाच-सात दिवसच टिकतो, म्हणून पहिल्या ट्रान्सफेक्शननंतर तीन दिवसांनी पेशी उचलून, मोजून, परत ट्रान्सफेक्ट करा. कायमस्वरूपी गप्प करायला लेंटिव्हायरसमधून एसएचआरएनए, म्हणजे पेशीतच सतत तयार होत राहणारा तसाच तुकडा, देतात, पण त्याला बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आणि लेव्हल २ ची लॅब लागते, एमएस्सीला ते ओझं घेऊ नका.

म्हातारी झाली का

साधी पेशी ठराविक वेळाच विभागते हे हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये मांडलं. कॅन्सरच्या पेशीने ती मर्यादा तोडलेली असते, आपण तिला परत त्या वाटेला लावतोय. म्हातारी पेशी मेलेली नसते हे डोक्यात पक्कं बसवा. ती जिवंत असते, खातेपिते, फक्त विभागत नाही, आणि दिसायला पसरट, मोठी, तव्यावर टाकलेल्या डोशासारखी होते.

नेहमीची टेस्ट म्हणजे निळा रंग, सेनेसन्सवाली बीटा गॅलेक्टोसिडेज, १९९५ पासून चालत आलेली. पेशी २ टक्के फॉर्मल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये तीन ते पाच मिनिटं, जास्त नाही, जास्त ठेवलं तर एन्झाइमच मरतं. मग धुऊन एक्स-गॅलचं मिश्रण, पीएच बरोबर ६.०, आणि ३७ डिग्रीला रात्रभर. इथे सगळे फसतात ते असं की प्लेट सवयीने सीओटू इन्क्युबेटरमध्ये सरकवतात. सीओटूने बफरचा पीएच खाली येतो, आणि खालच्या पीएचला लायसोसोममधलं साधं एन्झाइम तरुण पेशीतही काम करतं, सकाळी सगळी प्लेट निळी. साध्या, कोरड्या, बॅक्टेरियावाल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, कडेने पॅराफिल्म, आत एक ओला टिश्यू, नाहीतर आपल्या कोरड्या हवेत सकाळपर्यंत मिश्रण आटून नुसते खडे दिसतील. मुद्दाम एक वेल पीएच ४ ला करा, तो पूर्ण निळा आला म्हणजे रिएजंट चांगलं आहे. आणि पेशी दाटीवाटीने वाढलेल्या असतील तरी निळ्या होतात, म्हणून टेस्टच्या दिवशी कंट्रोल आणि नॉकडाऊन (जीन गप्प केलेला वेल) दोन्हीत दाटी सारखी आणि विरळ असली पाहिजे. कंट्रोल वेगाने वाढतो त्यामुळे एक दिवस आधी मोजून परत पेरणं हाच उपाय.

मोजताना निदान दोन-तीनशे पेशी, जागा आधी ठरवून, निळी जागा शोधून नाही. फोटोंची नावं मैत्रिणीला बदलून ठेवायला सांगा आणि मग मोजा, आपल्याला हवं ते दिसायची सवय डोळ्यांना असते.

निळ्या रंगावर एकट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, सोबत अजून दोन खुणा तरी द्या. विभागणी थांबली हे ईडीयू किंवा केआय-६७ ह्या विभागणीच्या खुणांनी, पी२१ वर आलं हे वेस्टर्नने, जमलं तर लॅमिन बी१ हे केंद्रकाच्या आवरणाचं प्रोटीन खाली आलं का ते. पण हीला वापरत असाल तर पी१६ म्हातारपणाची खूण म्हणून देऊ नका. ई७ ने आरबी निकामी केल्यामुळे ह्या पेशींमध्ये पी१६ आधीपासूनच भरपूर असतो, पॅथॉलॉजीवाले तर त्याच गोष्टीचा उपयोग एचपीव्हीची खूण म्हणून करतात. इंटरनेटवरच्या यादीतून मार्कर उचलले की इथेच पाय घसरतो. तरंगणाऱ्या पेशी पण फेकून देऊ नका, मेलेल्या पेशीच रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने मोजा, कारण ई६-ई७ गप्प केल्यावर काही पेशी म्हाताऱ्या होण्याऐवजी सरळ मरू पण शकतात आणि ते वेगळं उत्तर आहे.

पसरणं कसं मोजायचं

स्क्रॅच टेस्ट स्वस्त आहे म्हणून सगळे करतात. पूर्ण भरलेल्या थरावर २०० मायक्रोलिटरच्या टिपने एक रेघ, सुटलेल्या पेशी पीबीएसने धुवा, कमी सीरमचा मीडिया, आणि प्लेटच्या खाली मार्करने खूण करून त्याच जागेचे फोटो शून्य, १२ आणि २४ तासांनी. मग इमेजजे ह्या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी जागा मोजायची. अडचण अशी की रेघ दोन कारणांनी बुजते, पेशी चालत येतात म्हणून आणि पेशी वाढतात म्हणून. हीला साधारण दिवसाला दुप्पट होतात. मग नॉकडाऊन पेशी म्हाताऱ्या होऊन वाढायच्या थांबल्या की रेघ आपोआप उशिरा बुजणार, चालण्यात काहीही फरक नसला तरी. पुस्तकातला उपाय म्हणजे मायटोमायसिन सी टाकून सगळ्यांचीच वाढ थांबवा. आता हे नीट वाचा. मायटोमायसिन डीएनए खराब करतं, आणि डीएनए खराब झाला की पेशी म्हातारपणाकडे जाते. म्हणजे आपण जी गोष्ट मोजायला बसलोय तीच कंट्रोलमध्ये हाताने घालायची. बाकी प्रोजेक्टला चालेल, ह्या प्रोजेक्टला नाही. त्यापेक्षा सीरम कमी ठेवा, १२ तासांच्या फोटोवर भर द्या, आणि शेजारच्या प्लेटमध्ये तेवढ्याच वेळात पेशी किती वाढल्या ते मोजून सोबत छापा.

ट्रान्सवेल जास्त भरवशाचं. ८ मायक्रॉनची भोकं असलेली जाळी, वर सीरमशिवाय मोजून घेतलेल्या जिवंत पेशी, खाली १० टक्के सीरमचं आमिष, २४ तास. वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या काडीने पुसून घ्यायच्या आणि खाली उतरलेल्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजायच्या. नुसती जाळी म्हणजे चालणं, वर मॅट्रिजेल ह्या पेशींभोवतालच्या जाळ्यासारख्या जेलचा थर दिला तर घुसणं. मॅट्रिजेल रात्रभर फ्रीजमध्ये बर्फावर वितळवा, ते १० डिग्रीच्या वर गेलं की घट्ट होतं, आणि आपल्या लॅबमध्ये उन्हाळ्यात टिपमध्येच घट्ट होतं, त्यामुळे टिपा, ट्यूब, प्लेट सगळं आधी फ्रीजमध्ये.

आता ह्या लेखातला माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. ट्रान्सवेल दोनदा लावा. एकदा ४८ तासांनी, जीन गप्प आहे पण निळ्या पेशी अजून दिसत नाहीत तेव्हा, आणि एकदा सहाव्या-सातव्या दिवशी, म्हातारपण आल्यावर. पहिल्यातच उतरणाऱ्या पेशी कमी झाल्या तर तो जीन चालण्यातच भाग घेतोय. पहिल्यात फरक नाही आणि दुसऱ्यात आहे, तर चालणं कमी झालंय ते म्हातारपणामुळे. एका जाळीच्या खर्चात तुमचा प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो.

शेजाऱ्यांचं काय

म्हातारी पेशी गप्प बसत नाही. ती आयएल-६ आणि आयएल-८ हे सूज आणणारे संदेश, पेशींभोवतालचं मॅट्रिक्सचं जाळं कापणारी एन्झाइमं असं बरंच काही बाहेर सोडत राहते, ह्याला सॅस्प म्हणतात, २००८ मध्ये कॅम्पिसी यांच्या ग्रुपने ते सविस्तर मांडलं. ह्या रसायनांचा स्वभाव दुतोंडी आहे. उंदरात पी५३ परत चालू केल्यावर यकृताच्या गाठी म्हाताऱ्या झाल्या आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींनी येऊन त्या साफ केल्या, हे २००७ मध्ये दिसलं, तिथे हीच हाक उपयोगी पडली. पण साफ करणारं कुणी आलं नाही तर तोच रस शेजारच्या तरुण कॅन्सर पेशींना पसरायला मदत करतो. आणि तुमच्या प्लेटमध्ये साफ करणारं कुणीच नाहीये.

म्हणून हे करा: सातव्या दिवशी म्हाताऱ्या पेशी धुऊन त्यांच्यावर कमी सीरमचा ताजा मीडिया घाला, २४ तासांनी तो काढून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आणि ट्रान्सवेलच्या खालच्या बाजूला आमिष म्हणून ठेवा, वर साध्या, काहीही न केलेल्या हीला. स्क्रॅम्बल्डवाल्या पेशींचा मीडियाही तसाच. दोन्हीकडे किती पेशींनी तो मीडिया तयार केलाय ते मोजून हिशोब सारखा करा, नाहीतर तुलना फसते. आयएल-६ किती आहे हे मोजणारा एलायझा परवडला तर सोन्याहून पिवळं.

आकडे हातात आल्यावर वाचायचे कसे. निळ्या पेशी वाढल्या, स्क्रॅच हळू बुजला पण ट्रान्सवेल जैसे थे, तर जीनचा परिणाम वाढीवर आहे, पसरण्यावर नाही, आणि तसंच लिहा, निगेटिव्ह रिझल्टला मार्क कापत नाहीत. निळं काहीच नाही पण ट्रान्सवेल कमी, तर चालण्याचा जीन सापडला, म्हातारपणाचा टायटलमधला भाग गाईडना विचारून कमी करा. निळ्या पेशी वाढल्या, त्या स्वतः कमी चालतात, पण त्यांच्या मीडियाने शेजारी जास्त चालायला लागले, तर प्रयोग फसला म्हणून रडत बसू नका, सगळ्यात बोलकं उत्तर हेच आहे. आणि एन, म्हणजे प्रयोग किती वेळा केला ती संख्या, म्हणजे एकाच दिवशीच्या तीन वेल नव्हे, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पेरणीतून केलेले तीन प्रयोग, हे स्टॅटिस्टिक्सच्या सरांना दाखवायच्या आधी तपासा.

एक जाता जाता. तुम्ही असा प्रोजेक्ट करताय कळलं की नात्यातलं कुणीतरी फोन करणार, आमच्या मावशीला हे जीन बंद करायचं औषध मिळेल का. सरळ सांगा की एसआयआरएनएची औषधं आली आहेत, पहिलं पॅटिसिरान २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ती यकृतात बनणाऱ्या प्रोटीनशी संबंधित आजारांवर आहेत, कारण तुकडा यकृतापर्यंत पोचवणं जमलंय, गाठीतल्या प्रत्येक पेशीपर्यंत पोचवणं अजून अवघड आहे. मावशींना बार्शीला किंवा सिव्हिलला दाखवायला सांगा, वेळ घालवू नका म्हणावं.

थिसिसच्या शेवटी "ई६-ई७ हे उपचाराचं लक्ष्य सिद्ध झालं" असलं काही ठोकू नका. एवढंच लिहा की हीला पेशींमध्ये ई६-ई७ गप्प केल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी इतके टक्के पेशींत म्हातारपणाच्या तीन खुणा दिसल्या, ४८ तासांना चालण्यात इतका फरक होता आणि सातव्या दिवशी इतका, आणि त्यांच्या मीडियाने साध्या पेशींचं चालणं इतकं बदललं. व्हायव्हाला पी१६ का नाही केला असं विचारलं की आरबीचं कारण सांगा, मायटोमायसिन का नाही वापरलं विचारलं की डीएनएचं सांगा, आणि पेशी हलली नाही का वाढली नाही विचारलं की दोन ट्रान्सवेलचा ग्राफ पुढे सरकवा.